टीव्हीचं लगेज: एक्स्टेंडेड वॉरंटीचा अनुभव, पाचपैकी साडेतीन

पाचपैकी साडेतीन देते. चार देणार होते, पण रिमोटपायी एक चक्कर जास्तीची पडली, तिचा अर्धा कापला. वॉरंटीवालेही घसारा म्हणून, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून, कापतातच की.

टीव्ही घेतला 2022 च्या दसऱ्याला, 5 ऑक्टोबरला, यवतमाळच्या एका मोठ्या शोरूममधून. दुकानाचं नाव घेत नाही, टीव्हीच्या कंपनीचंही नाही. 43 इंची, किंमत 27,990. कंपनीची वॉरंटी एका वर्षाची. पैसे मोजता मोजता काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "ताई, अजून दोन वर्ष वाढवून देऊ काय? 2,499 फक्त." हे म्हणाले, नको. मी म्हटलं, दे. पैसे माझ्या शिलाईचे होते, म्हणून माझं चाललं.

मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गाव राळेगाव तालुक्यात. समोरच्या खोलीत एका भिंतीला मशीन, दुसऱ्या भिंतीला टीव्ही. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच माझी उलटतपासणी झाली.

2025 ची नागपंचमी 29 जुलैला होती. त्या दिवशी आमच्याकडे कापायचं-चिरायचं नसतं, म्हणजे कैचीला सुट्टी आणि मलाही. वर्षातून एखाद्या वेळी मी मान वर करून टीव्ही पाहते, तो हा दिवस. संध्याकाळी सातच्या सुमारास चित्र एकदोनदा फडफडलं आणि पडदा काळा झाला. आवाज मात्र चालूच. बाई रडून राहिली आहे, मागे ढोल वाजून राहिले आहेत, दिसत काहीच नाही. सासूबाई तशाच बसून राहिल्या. पुढचे पाच दिवस त्यांनी मालिका कानानं पाहिली. बांगड्यांच्या आवाजावरून सांगायच्या, "आता मोठी सून आली."

राळेगावच्या मेकॅनिकला फोन केला. त्यानं फोनवरच ओळखलं. "वहिनी, बॅकलाइट गेला असन. पट्ट्या बदलून देतो, दोन-अडीच हजारात." मग त्यानं समजावून सांगितलं ते असं. या टीव्हीच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. मागे बारीक एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांच्या उजेडात चित्र दिसतं. पट्टीतले दिवे एकामागे एक जोडलेले, गणपतीच्या माळेसारखे. एक दिवा गेला की पूर्ण ओळ गुल. ह्यांनी लगेच पेचकस काढला. मी हात धरला. वॉरंटीत अजून दोन महिने बाकी होते आणि मागचं झाकण आपण उघडलं की क्लेम गेला, हे पुस्तिकेत ठळक लिहिलेलं होतं. तेवढं एकच ठळक होतं, बाकी सगळं मुंगीच्या पायाएवढं.

आता बिल. बिल जपून ठेवायचं म्हणून ह्यांनी घेतल्या आठवड्यातच ते लॅमिनेट करून आणलं होतं. शोरूमचं बिल थर्मल कागदाचं, एसटीच्या तिकिटासारखं. थर्मल कागदाला उष्णता लागली की काळा पडतो, आणि लॅमिनेशनचं मशीन म्हणजे इस्त्रीच. बिल आत गेलं पांढरं आणि बाहेर आलं काळंठिक्कर. काळा कागद, वरून चकचकीत प्लास्टिक, तीन वर्षं कपाटात साडीच्या घडीखाली. मला हे 29 तारखेला रात्री कळलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

म्हणून पहिली चक्कर शोरूमची, दुसरं बिल काढायला. तिथला माणूस म्हणाला, मोबाइल नंबर सांगा. नंबर होता दिराचा, कारण त्या दिवशी गाडी घेऊन तेच आले होते. दीर आता पुण्यात आणि ते सिम कधीचंच बंद. नाव सांगितलं तर त्या दसऱ्याला आमच्या आडनावाचे चार जण टीव्ही घेऊन गेलेले. शेवटी कामी आला टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर. निघताना त्याचा फोटो काढून घेतला होता, तेवढंच शहाणपण. त्यावरून अर्ध्या मिनिटात बिल निघालं. दिराच्या आधारची झेरॉक्स आणि संमतीचं पत्र व्हॉट्सॲपवर मागवून माझा नंबर चढवला. या दुकानाबद्दल माझी तक्रार नाही. तिथल्या पोरानं पाणी विचारलं, बसायला स्टूल दिलं.

खरा घोळ वॉरंटीवाल्यांचा. बिल दुकानाचं, टीव्ही एका कंपनीचा, वाढीव वॉरंटी तिसऱ्याचीच, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिघांचे फोन नंबर वेगळे. फोन लावला की हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मराठीसाठी काहीच दाबायचं नाही. मुलीनं पिनकोड विचारला आणि गोड आवाजात सांगितलं की आमच्या भागात त्यांचा माणूस येत नाही, टीव्ही सर्व्हिस सेंटरला आणावा लागेल. मी म्हटलं, 43 इंची आहे, टिफिन नाही. ती म्हणाली, "जी मॅम, समझ सकती हूँ." पुस्तिकेत पाहिलं तर होतं लिहिलेलं: घरी येण्याची सेवा सर्व्हिस सेंटर असलेल्या शहराच्या हद्दीत. विकताना हे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही. गावात राहणाऱ्यानं आधी हेच विचारावं.

4 ऑगस्ट, श्रावण सोमवार, माझा उपास. टीव्ही वाकळीत गुंडाळला, वरून सुतळी. खोकं असतं तर बरं झालं असतं, पण खोक्याचे थर्माकोल गणपतीच्या मखराला गेले आणि पुठ्ठा तुरीच्या पोत्याखाली. मेकॅनिकनं बजावलं होतं की टीव्ही आडवा टाकायचा नाही, काच वाकते, उभाच न्या. म्हणून एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं मामाजी, म्हणजे सासरे. हे शेतात, डवरणीला.

बसमध्ये कंडक्टरनं मामाजींचं कार्ड पाहिलं. वय 78, पंच्याहत्तरीच्या वर प्रवास फुकट. मला अर्धं तिकीट, ते 2023 च्या मार्चपासून आहेच. मग त्यानं वाकळीकडे बोट केलं. "अन् हे?" मी सांगितलं, टीव्ही आहे. "मंग याचं लगेज लागन, वहिनी." मामाजी म्हणाले, "बाप्पा, मी फुकट, सून अर्धी, अन् जो बंद पडला त्याचे पैसे?" बस हसली. लगेज फाडलंच. कळंबला चिंतामणीचा फाटा आला तेव्हा मामाजींनी एका हातानं टीव्ही धरला आणि दुसऱ्यानं नमस्कार केला.

सर्व्हिस सेंटर म्हणजे एका गाळ्यात दोन टेबलं आणि भिंतीला लावून ठेवलेले पंधरा-वीस टीव्ही, सगळे तोंड भिंतीकडे करून, शिक्षा झाल्यासारखे. माझ्यापुढे एक काका होते, त्यांचाही टीव्ही बंद पडलेला. टेबलावरच्या माणसानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या इकडे व्होल्टेज वरखाली होते काय?"

काका मनमोकळे. "होते म्हणजे? ओलितावर मोटारी चालू झाल्या का दिवा पिवळा पडते. अन् मागे डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर अर्ध्या गावाचे पंखे जळले."

त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. बस, काकांचा क्लेम तिथंच बुडाला. व्होल्टेजनं झालेलं नुकसान प्लॅनमध्ये येत नाही. काकांना वाटलं माणूस चौकशी करतो आहे, आणि तो जबानी घेत होता. विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात हा प्रश्न विचारा, उत्तर "होते" असंच येणार. म्हणून हा प्रश्न विचारणंच मला लबाडीचं वाटतं. टीव्ही जळला असेल तर आत सर्किटवर डाग दिसेल, तो पाहा आणि लिहा.

माझी पाळी आली. तोच प्रश्न. मी म्हटलं, "भाऊ, आवाज चालू आहे, रिमोट घेते, चॅनेल बदलते. पॉवरचं काही जळलं असतं तर आवाज आला असता काय? आधी उघडून पाहा, मग लिहा." हे मेकॅनिकनं पढवलेलं होतं, माझं नाही.

त्यानं आतल्या पोराला हाक मारली. हा तो पोरगा, ज्याच्यामुळे साडेतीनपर्यंत तरी गेले. विशीतला असेल, हाताला सोल्डरचे चटके. त्यानं टीव्ही लावला, गाळ्याचा दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च काचेला अगदी टेकवून हळूहळू फिरवला. आणि टॉर्चच्या गोल उजेडात चित्र दिसलं! फिकट, धुक्यातल्यासारखं, पण माणसं हलत होती. मामाजी वाकून पाहायला लागले. "आतमध्ये हायेतच की सगळे," म्हणाले. पोरगा म्हणाला, "हाव बाबा, आत सगळे हायेत, फक्त त्याहिले लाइट नाही." चित्र शाबूत, उजेड गेलेला, म्हणजे बॅकलाइट. तुमचाही टीव्ही असा आवाज देत काळा झाला तर अंधारात टॉर्च लावून पाहा, फुकटात कळतं.

मग मागचं झाकण काढलं. हवा जायच्या फटींतून लाल, हिरवे, मोरपंखी दोरे निघाले, चिमटाभर. टेबलावरचा माणूस लगेच उठून आला. "हा दुकानात लावला होता काय? कमर्शियल वापर असन तर क्लेम होत नाही." मी म्हटलं, मशीन घरातच आहे, त्याच खोलीत आम्ही झोपतो, सासूबाई जेवतात, पोरगी अभ्यास करते. बिल माझ्या घरच्या पत्त्यावर आहे, गुमास्ता लायसन नाही की पाटी नाही. तो दोऱ्यांकडे पाहत उभा राहिला. पोरगाच म्हणाला, "सर, माझ्या मायच्या टीव्हीतूनबी असेच निंघतात." विषय संपला.

जॉबशीट इंग्रजीत होती. सही करा म्हणाले. माझं शिक्षण बारावी, इंग्रजी वाचता येतं, वेळ लागतो. मी वेळ घेतला. मागे दोन माणसं ताटकळली, एकानं घड्याळ पाहिलं. शेवटच्या ओळीत "व्होल्टेज" हा शब्द होताच, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी तो खोडायला लावला आणि "बॅकलाइट बंद, जळल्याची खूण नाही, काच फुटलेली नाही" असं लिहवून घेतलं. मग सही, मग शीटचा फोटो. ही पाच मिनिटं पुढच्या सगळ्या धावपळीपेक्षा मोलाची ठरली.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. "पार्ट पेंडिंग" असा मेसेज यायचा, दर चार दिवसांनी, तोच. पोळा झाला, तान्हा पोळा झाला. पोळ्याच्या आधी माझ्याकडे ब्लाउजची गर्दी असते, तेव्हा मलाही शुद्ध नव्हती. सासूबाई शेजारी जाऊन बसायच्या आणि आल्यावर तिथल्या टीव्हीचा रंग कसा चांगला आहे ते सांगायच्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी, 26 ऑगस्टला, मी 1915 लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, इथे मराठीत बोलता येतं. बिलाचा नंबर, जॉबशीटचा नंबर, तारखा दिल्या. तिथल्या बाईंनी तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवली. आणि सांगितलं की नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार टाकता येते, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मला आयोगात जायचं नव्हतं, कापसाच्या दिवसात तारखा कोण करणार? पण दुसऱ्याच दिवशी वॉरंटी कंपनीचा फोन आला, या वेळी मराठीत. म्हणजे मराठी येत होती त्यांना.

4 सप्टेंबरला निकाल आला. या मॉडेलचं पॅनेल, म्हणजे पट्ट्यांसकट अख्खा पडदा, आता मिळत नाही, दुरुस्ती होणार नाही, बदल्यात व्हाउचर. पूर्ण किमतीचं नाही. पुस्तिकेच्या कोष्टकात तिसऱ्या वर्षाला 30 टक्के घसारा, म्हणजे 27,990 मधून 8,397 गेले आणि हातात 19,593. मुदत 30 दिवस, आणि वापरायचं त्याच शोरूममध्ये.

इथे माझी एक तक्रार आहे, पैशाची नाही. गेल्या होत्या दोन-अडीच हजारांच्या पट्ट्या. काच चांगली, आवाज चांगला, टॉर्च लावला की चित्र चालू. तरी अख्खा टीव्ही भंगारात, कारण त्यांच्या यादीत पट्टी हा सुटा भाग नाही, "पॅनेल असेंब्ली" हाच एक भाग. ब्लाउजचा एक हूक तुटला म्हणून मी गिऱ्हाइकाला नवी साडी घे म्हटलं तर गावात राहू देतील काय मला?

आणि रिमोट. व्हाउचर चालू करायला जुना टीव्ही सगळ्या सामानासकट जमा पाहिजे, स्टँडच्या पायांसह, रिमोटसह. हे 4 ऑगस्टला कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या रिमोटवर काम भागवलं आणि आमचा घरीच राहिला. सासूबाईंनी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर दोन रबर लावलेले, बटणांवरचे आकडे अजून कोरे करकरीत. एवढा रिमोट पोचवायला ह्यांना एक दिवस मोडून यवतमाळला जावं लागलं. टेबलावरच्यानं तो घेतला आणि खोक्यात टाकला. खोक्यात आधीच तीस-चाळीस रिमोट होते.

आता व्हाउचर हातात, पण मी थांबले. कारण 3 सप्टेंबरच्या रात्री बातमी आली होती की जीएसटी उतरणार. 32 इंचीपर्यंतच्या टीव्हीवर आधीपासूनच 18 टक्के होता, त्यावरच्यांवर 28, तो 22 सप्टेंबरपासून 18 होणार. शोरूमला फोन केला तर पोरगा म्हणाला, "ताई, आता स्कीम आहे, नंतर स्टॉक राहत नाही." मी ब्लाउजच्या मापाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मला पसंत होता तो 43 इंची 23,990 चा. त्याला 1.28 नं भागलं, 18,742 आले, ही मूळ किंमत. तिला 1.18 नं गुणलं, 22,116. म्हणजे अठराशे सत्तरच्या वर रुपये, फक्त अठरा दिवस थांबायचे. व्हाउचर 4 ऑक्टोबरपर्यंत चालणार. सासूबाई म्हणाल्या, "नवरात्र बसलं तरी टीव्ही नाही, असं कुठं असते काय?" मी म्हटलं, घट बसल्यावरच आणते.

22 ला घटस्थापना, म्हणून 23 ला गेले. पाटी बदललेली होती, 22,115. एक रुपया मी कुठे चुकले ते अजून शोधून राहिले आहे. व्हाउचर वजा जाता 2,522 भरले. तेवढ्यात त्याच काउंटरवर, तोच पोरगा असेल नसेल, पण तसंच पैसे मोजता मोजता: "ताई, वॉरंटी वाढवून देऊ काय?" जुना प्लॅन व्हाउचरबरोबर संपला, नव्या टीव्हीला तो लागत नाही.

मी खुर्ची ओढून बसले. विचारलं, घरी माणूस येतो काय आमच्या गावात? नाही. घसारा किती? तेच कोष्टक. व्होल्टेज? तेच. पोरगा आता माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहत होता. तरी घेतली. 2,499 भरून 19,593 मिळाले होते. चार चकरा, तीन-चार दिवसांची बुडालेली शिलाई आणि टीव्हीचं लगेज सगळं धरलं तरी मी फायद्यात होते. पण बिल ए-फोर कागदावर छापून घेतलं, नंबर माझा टाकला, आणि शेजारच्या गाळ्यात दोन झेरॉक्स काढूनच टीव्हीला हात लावला.

परतीच्या बसमध्ये खोक्याचंही लगेज फाडलं. मामाजी या वेळी काही बोलले नाहीत, खोकं गुडघ्यांत धरून झोपले.

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी नवा रिमोट मागून घेतला आणि साडीच्या पिशवीचं प्लास्टिक कापायला बसल्या. रबर लावायच्या आत मी मध्ये एक चिठ्ठी सरकवली, रिमोटच्या पाठीला, अक्षरं बाहेरून वाचता येतील अशी: सिरियल नंबर, 1915, आणि मुदत 22 सप्टेंबर 2028.